टाडा, नक्षल अन् आपला जिल्हा : कडक कायद्यानं दहशत संपते का?

भाऊ, तुमचा प्रश्न दोन-तीनदा वाचला. तुम्ही म्हणता एमपीएससीचा अभ्यास करून राहिलो, पुस्तकात दहशतवादावर अर्धं पान आहे, तं हा प्रकार कधीपासून सुरू झाला, सरकारनं कडक कायदा केला की तो संपते का, अन् आपल्या गडचिरोलीत आता संपत आला म्हणतात तं तो कशानं. अन् शेवटी एक ओळ, की तुमचे मोठेबाबा टाडात, म्हणजे जुन्या दहशतवादविरोधी कायद्यात, आत होते, ते आता नाहीत, त्यांचे कागद कुठं मिळतील. ती शेवटची ओळ वाचूनच मी लिहायला बसलो, कारण बाकीच्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकात कुठंतरी मिळून जातील, तुमच्या घरचा कागद कोणत्याच पुस्तकात नाही.

मी 27 वर्षांपासून चंद्रपूर-गडचिरोलीच्या सेशन कोर्टात फौजदारी वकिली करतो. बहुतेक आरोपीच्या बाजूनं, पण नक्षल्यांनी खबरी म्हणून मारलेल्या माणसाच्या बायकोचे अर्ज पण लिहिले अन् शहीद जवानाच्या म्हाताऱ्या बापासोबत ट्रेझरीत पण बसलो. त्यामुळे माझं मत एका बाजूचं आहे असं धरू नका.

आधी शब्दाचं. टेरर हा शब्द राजकारणात आला फ्रान्समधून, 1793-94 मध्ये, अन् तेव्हा तो लपून बॉम्ब टाकणाऱ्याचा नव्हता, सरकारचाच होता. क्रांती वाचवायची म्हणून सरकारनं उघड म्हटलं की आता दहशतीनं राज्य चालवू, हजारो लोकांच्या माना गिलोटिन नावाच्या यंत्रानं कापल्या, अन् जुलै 1794 मध्ये ज्यानं हे चालवलं त्या रोबेस्पिअरचीच मान त्याच यंत्राखाली गेली. सरकारविरुद्ध गुप्तपणे मारणाऱ्यांसाठी हा शब्द पुढच्या शतकात पक्का झाला. आजही सगळ्या जगाला मान्य अशी दहशतवादाची एक व्याख्या संयुक्त राष्ट्रांत झालेली नाही. आपल्याकडे यूएपीएच्या, म्हणजे बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंध कायद्याच्या, कलम 15 मध्ये एक व्याख्या आहे अन् 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 113 मध्ये दुसरी, अन् गुन्हा कोणत्या कायद्याखाली नोंदवायचा हे एसपी दर्जाचा अधिकारी ठरवते. परीक्षेत हे विचारू शकतात, लक्षात ठेवा.

आता सरकारं काय करतात ते. मला इतक्या वर्षांत एकच गोष्ट समजली, ती आमच्या गावच्या एका ढिवर म्हाताऱ्याच्या भाषेत सांगतो. वैनगंगेत अगदी बारीक विणीचं जाळं टाकलं की बोटाएवढी पिल्लं सगळी अडकतात, अन् मोठा मासा एकतर खाली बसते नाहीतर जाळं फाडून जाते. कुठंही स्फोट झाला, अधिकारी मारला गेला, की सरकारवर लोकांचा दबाव येते अन् सरकार पहिल्यांदा हेच बारीक जाळं टाकते, जो हाताला लागेल तो उचलते. ज्यानं केलं तो नंतर सापडते, अन् सापडते तो बहुतेक वेळा खबरीनं, तपासानं, आतल्याच कोणी तोंड उघडल्यानं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. 22 जून 1897 ला पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडला गोळी घातली. सरकारनं काय केलं, टिळकांवर त्यांच्या लिखाणासाठी राजद्रोहाचा खटला भरून 18 महिन्यांची शिक्षा दिली, नातू बंधूंना 1827 च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटलाच न चालवता आत टाकलं. त्यातल्या कोणीही गोळी झाडली नव्हती. दामोदर चापेकर सापडला तो द्रविड बंधूंनी दिलेल्या माहितीवरून. म्हणजे माहितीनं काम केलं, जाळ्यानं फक्त टिळकांना अजून मोठं केलं.

रशियात 1881 च्या मार्चमध्ये झार दुसरा अलेक्झांडर बॉम्बनं मारला गेला, नारोदनाया वोल्या नावाच्या गुप्त संघटनेनं मारला. ज्या दिवशी तो मेला त्याच दिवशी सकाळी त्यानं थोडा लोकांचा सल्ला घेण्याच्या योजनेला होकार दिला होता, ती योजना त्याच्या पोरानं, म्हणजे पुढच्या झारनं, फेकून दिली अन् ऑगस्टमध्ये आणीबाणीचे नियम आणले, फक्त तीन वर्षांसाठी म्हणून. ते तीन वर्षांचे नियम वाढत वाढत 1917 पर्यंत राहिले, झारशाहीच गेली तेव्हा गेले. मी कोर्टात 'तात्पुरता' हा शब्द ऐकला की मला हेच आठवते. इंग्रजांनी पहिल्या महायुद्धात डिफेन्स ऑफ इंडिया कायदा केला, युद्ध संपलं तरी ते अधिकार सोडवेनात म्हणून 1919 मध्ये रौलट कायदा आणला, ज्याला लोक म्हणत ना वकील, ना दलील, ना अपील. महिन्याभरात जालियनवाला बाग झाली.

चिमूरचं सांगितल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमीचा दिवस, चिमूरला लोक उठले, गोळीबार झाला, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. मी याला दहशतवाद म्हणत नाही, पण सरकारनं जे उत्तर दिलं ते बघा. नंतर फौज आली अन् सगळ्या गावालाच गुन्हेगार धरून घराघरात घुसली, बायांवर अत्याचार झाले. त्याची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी 63 दिवस उपाशी राहिले. त्रेसष्ट दिवस, भाऊ. आमच्या घरी आजी हे सांगायची तेव्हा कोणत्या अधिकाऱ्याला कसं मारलं हे तिला कधी आठवायचं नाही, फौज आली तेव्हा कोणत्या घराची कडी तुटली हे आठवायचं. लोकांच्या डोक्यात तेच राहते, पन्नास वर्षं राहते.

बाहेरची दोन-तीन उदाहरणं भरभर सांगतो. उत्तर आयर्लंडमध्ये 9 ऑगस्ट 1971 ला खटल्याविना तुरुंगवास सुरू केला, पहाटे धाडी टाकून तीनशेच्या वर लोक उचलले, जवळपास सगळे एकाच समाजाचे, याद्या जुन्या, कित्येक जणांचा काही संबंधच नाही. हिंसा कमी होण्याऐवजी 1972 हे तिथलं सगळ्यात रक्ताळलेलं वर्ष ठरलं, अन् शेवट झाला तो 1998 च्या करारानं. आपल्या मिझोराममध्ये 1966 ला बंड झालं, सरकारनं आयझॉलवर विमानातून हल्ला केला, पुढं गावंच्या गावं उठवून रस्त्याच्या कडेला आणून बसवली, वीस वर्षं हे चाललं अन् 30 जून 1986 ला करार झाला तेव्हा शांतता आली, बंडाचा नेता लालडेंगा मुख्यमंत्री झाला. मिझोराम हे आपल्या देशातलं सगळ्यात यशस्वी उदाहरण आहे अन् अभ्यासाच्या पुस्तकात त्याला दोन ओळी पण मिळत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटते.

पेरूचं मात्र नीट वाचा, कारण ते आपल्या नक्षल प्रकरणाच्या सगळ्यात जवळ जाते. शायनिंग पाथ नावाची माओवादी संघटना, 1980 पासून डोंगरातल्या गावांत, अन् त्यांनी अन् फौजेनं मिळून जे मारलं त्याचा अंदाज तिथल्या सत्यशोधन आयोगानं जवळपास 70 हजार लोकांचा दिला, त्यात बहुतेक गरीब आदिवासी शेतकरी ज्यांना धड स्पॅनिश पण येत नव्हती. कित्येक वर्षं फौज डोंगरात शोधत होती अन् मुखिया गुझमान राजधानी लिमामध्ये एका डान्स क्लासच्या वरच्या मजल्यावर राहत होता. पकडला कोणी? पोलिसांच्या एका छोट्या तपास पथकानं. कित्येक दिवस पाळत ठेवून त्या घराचा कचरा तपासला, त्यात त्याच्या त्वचारोगाच्या मलमाच्या ट्यूब सापडल्या, 12 सप्टेंबर 1992 ला घरात शिरले अन् एकही माणूस न मरता त्याला धरला. तिथून संघटना कोसळली. अन् सरकारनं त्याच वर्षी काय केलं, तोंड झाकलेल्या जजसमोर खटले चालवले, हजारोंना शिक्षा ठोकल्या. पुढं 2003 मध्ये तिथल्याच घटना न्यायालयानं ते कायदे मोडीत काढले अन् गुझमानचासुद्धा खटला परत साध्या कोर्टात चालवावा लागला. शिक्षा जन्मठेपेचीच झाली, 2006 मध्ये. म्हणजे पुरावा होता, साध्या कोर्टात टिकणारा होता, मग ते तोंड झाकलेले जज कशासाठी होते? मी हे दरवेळी ज्युनिअर पोट्ट्यांना विचारतो.

आता आपलं. 1967 मध्ये बंगालमधल्या नक्षलबारीत सुरू झालं, तिथलं काही वर्षांत दाबलं गेलं, मग आंध्रात 1980 ला पीपल्स वॉर ग्रुप तयार झाला अन् त्याच वर्षी त्यांचे लोक प्राणहिता ओलांडून सिरोंच्याकडे आले. तेव्हा गडचिरोली जिल्हा पण नव्हता, तो ऑगस्ट 1982 मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. ते आले तेव्हा लोकांनी जागा काहून दिली हे समजून घ्या. नाकेदार, म्हणजे जंगल खात्याचा गार्ड, जळतणाच्या मोळीवर पैसे मागायचा, कोंबडा न्यायचा, तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, 70 पानांच्या पुड्यात खोट काढून मजुरी कापायचे. दलमवाल्यांनी, म्हणजे नक्षल्यांच्या हत्यारबंद तुकड्यांनी, तेंदूचे अन् बांबू कटाईचे दर वाढवून दिले, नाकेदाराची घुसखोरी बंद झाली. हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. अन् हे पण खरं आहे की थोड्याच वर्षांत त्याच दलमवाल्यांनी तेंदूच्या ठेकेदाराकडून खंडणी घ्यायला सुरुवात केली, अन् ज्या पाटलानं, सरपंचानं, मास्तरानं हू की चू केलं त्याला रात्री घरातून नेऊन सकाळी रस्त्यावर टाकलं, बाजूला पत्रक, की हा पोलिसांचा खबरी. त्यातल्या कितीतरी जणांनी आयुष्यात ठाण्याची पायरी चढली नव्हती. आदिवासींच्या नावानं चाललेल्या लढाईत सगळ्यात जास्त आदिवासीच मेले, तिन्ही बाजूंनी, दलममधले पण तेच, पोलिसांच्या सी-60 पथकातले पण तेच, अन् मध्ये सापडलेले पण तेच.

सी-60 चं नाव काढलं तं सांगतो. 1990 मध्ये हे पथक काढलं, सुरुवातीला साठ जवान म्हणून ते नाव, अन् पोट्टे घेतले ते इथलेच, गोंडी-माडिया बोलणारे, जंगल पायाखालचं. माझ्या मते सरकारनं बंदुकीच्या बाजूनं केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे, कारण ज्याला भाषा येते तो गाव अन् दलम यात फरक करू शकते. बाहेरून आलेल्या जवानाला लुंगी नेसलेला प्रत्येक माणूस सारखाच दिसते. म्हणून सी-60 कडून चुका झाल्या नाहीत असं मी म्हणत नाही, त्यांच्याविरुद्ध पण मी अर्ज लिहिले आहेत. पण 2009 हे वर्ष आठवा, फेब्रुवारीत मरकेगावला नक्षल्यांच्या हल्ल्यात 15 पोलीस गेले, ऑक्टोबरमध्ये विधानसभेच्या मतदानाला पाचच दिवस असताना लाहेरीला 17 गेले, अन् त्यातले कितीतरी आपल्याच शेजारच्या गावचे होते. ज्या बाईचा नवरा असा गेला तिच्यासमोर बसून मानवी हक्कावर बोलताना माझा आवाज खाली जाते अन् तो जायलाच पाहिजे.

शेजारी बस्तरात 2005 पासून सलवा जुडूम चालवलं, गावकऱ्यांच्याच हातात बंदुका दिल्या, गावं रिकामी करून लोक रस्त्यालगतच्या छावण्यांत आणले, म्हणजे मिझोराममध्ये फसलेली युक्तीच परत. लोक पळून आंध्राकडे गेले, पोट्टे उलट दलममध्ये गेले. 5 जुलै 2011 ला सुप्रीम कोर्टानं ते बेकायदा ठरवून बंद करायला लावलं, अन् त्याच्या वर्षभर आधी बस्तरातल्याच ताडमेटल्यात एका सकाळी नक्षल्यांच्या हल्ल्यात 76 जवान मारले गेले होते. आपल्या जिल्ह्यात सलवा जुडूम झालं नाही, हे आपलं नशीब समजा.

आता कायदा, माझं रोजचं काम. टाडा आला 1985 मध्ये, पंजाब पेटलेला होता म्हणून, दोन वर्षांसाठी. मुदत वाढवत वाढवत तो 1995 च्या मे महिन्यापर्यंत चालला. देशात 76 हजारांच्या वर लोक त्यात आत गेले अन् शिक्षा झाली ती मूठभरांना, अन् आपल्याकडच्या नक्षल केसेसमध्ये पण तो लागला, तुमचे मोठेबाबा त्यातलेच. टाडात सगळ्यात भयंकर काय होतं, तं एसपीसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालायचा. साध्या कायद्यात पोलिसांसमोरची कबुली चालत नाही, इंग्रजांच्या 1872 च्या पुरावा कायद्यात पण चालत नव्हती, कारण त्यांना पण माहीत होतं की ठाण्यात कबुली कशी निघते. हे एक कलम बदललं की तपास करायची गरजच संपते, अन् तपास संपला की खरा माणूस सुटते. नंतर 2002 मध्ये पोटा आला, त्यातही हेच होतं, तो 2004 मध्ये रद्द केला, पण त्याचा बराच भाग त्याच वर्षी यूएपीएत टाकला, 26/11 नंतर 2008 मध्ये अजून टाकला, 2019 मध्ये एकट्या माणसालाही दहशतवादी जाहीर करायची सोय केली. कबुलीचं कलम मात्र परत आणलं नाही, ही जमेची बाजू. वाईट बाजू म्हणजे कलम 43-डी. चार्जशीटला 180 दिवसांपर्यंत वेळ, अन् कागदावरून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही. 2021 मध्ये नजीबच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं म्हटलं की खटला लवकर संपण्यासारखा नसेल तं घटनेचं कलम 21 या अटीच्या वर राहते, त्याचा आम्हाला खूप आधार झाला, पण प्रत्येक जजच्या मनात तो सारखाच उतरते असं नाही.

एक केस सांगतो, गाव-नाव सांगणार नाही. एकोणीस-वीस वर्षांचा माडिया पोट्टा, दलमला जेवण दिलं अन् बॅनर लावायला मदत केली असा आरोप. पंचनामा शुद्ध मराठीत, त्याला मराठी येत नाही. कोर्टात दुभाष्या मिळेपर्यंत किती पेशा, म्हणजे तारखा, गेल्या त्या मी मोजल्या नाहीत. पंच उलटतपासणीत म्हणाला, "साहेब, मले काही मालूम नाही, सही कर म्हटलं, केली." साडेतीन वर्षांनी निर्दोष सुटला. मी त्याला विचारलं जेवण दिलं होतं का, तो म्हणाला हो, बंदूकवाले पंधरा जण दारात आले तं तुम्ही काय केलं असतं. माझ्याकडे याचं उत्तर तेव्हा नव्हतं. त्या गावात त्या दिवसापासून पोलिसांना कोणी काही सांगितलं नाही, अन् पुढं तिथंच जवळ एक भुसुरुंग फुटला. दोन्हीचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही, पण मनातून जात पण नाही.

प्राध्यापक जी. एन. साईबाबांचं, माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपाचं, प्रकरण तुम्ही वाचलं असेल. 2017 मध्ये गडचिरोलीच्या सेशन कोर्टानं शिक्षा दिली, ऑक्टोबर 2022 मध्ये नागपूर खंडपीठानं खटल्याच्या मंजुरीतल्या दोषावरून सोडलं, दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टानं त्या सुटकेला स्थगिती दिली, परत सुनावणी होऊन 5 मार्च 2024 ला परत निर्दोष. त्याच प्रकरणातला पांडू नरोटे मधल्या काळात, 2022 मध्ये, कैदेत असतानाच आजारानं वारला. लोक म्हणतात टेक्निकल मुद्द्यावर सुटले. भाऊ, मंजुरी ही टेक्निकल गोष्ट नाही. एवढा कडक कायदा लावायच्या आधी पोलिसांबाहेरच्या माणसानं कागद बघावा यासाठी यूएपीएत कलम 45 आहे, तेवढंच एक दार संसदेनं ठेवलं आहे. 2025 च्या जुलैमध्ये आपल्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्याच्यातली 'बेकायदेशीर कृत्या'ची व्याख्या मला फार सैल वाटते, अन् सैल शब्द म्हणजे बारीक वीण.

मग इथं कमी कशानं झालं? फौज, हो, ठाणी वाढली, रस्ते-टॉवर झाले, मोठ्या चकमकी झाल्या, 2018 मध्ये बोरिया-कसनासूर, 2021 मध्ये मर्दिनटोला. पण मी अजून एक गोष्ट मोजतो जी पेपरात कमी येते. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011 मध्ये ग्रामसभेनं आपला बांबू आपण विकला. त्यांची घोषणा जुनीच होती, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. पुढं जिल्ह्यात कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करायला लागल्या, पैसे खात्यावर. ज्या भांडणावर दलमनं 1980 मध्ये गावात पाय ठेवला ते भांडणच अर्धं संपलं. मग पोट्टा जंगलात कशासाठी जाईल? 1 जानेवारी 2025 ला नक्षल्यांची मोठी नेता तारक्कानं शरण येणं, अन् ऑक्टोबर 2025 मध्ये भूपतीसारख्या पॉलिट ब्युरोतल्या, म्हणजे माओवाद्यांच्या वरच्या समितीतल्या, माणसानं साठ जणांसोबत गडचिरोलीत शस्त्र टाकणं, यामागं गोळी पण आहे अन् हे पण आहे. दोघांत जास्त काय, तं माझं मत, नवीन भरती थांबली ती दुसऱ्या कारणानं.

आता मोठेबाबांचे कागद. टाडा 1995 मध्ये संपला तरी चालू खटले चालूच राहिले, मी वकिलीत आलो तेव्हाही पेशा व्हायच्या. हे खटले नेमलेल्या विशेष कोर्टात चालायचे अन् अपील थेट सुप्रीम कोर्टात, त्यामुळे हायकोर्टात शोधू नका. आधी जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जा, केस नंबर नसला तं नाव, ठाणं अन् अंदाजे वर्ष देऊन रजिस्टर बघू द्या म्हणून अर्ज करा, मग नक्कल विभागात निकालपत्राच्या प्रमाणित प्रतीचा अर्ज, वारस म्हणून नातं लिहा अन् मृत्यूचा दाखला जोडा. केसची जुनी फाइल नष्ट झाली असली तरी निकालपत्र बहुतेक वेळा जपून ठेवतात. दुसरीकडे जेलमध्ये दाखल-सुटकेचं रजिस्टर राहते, तिथं माहिती अधिकारात तारीख मागा. ठाण्यातून सुरुवात करू नका, तिथं जुना कागद सगळ्यात आधी जाते. मोठी आई अजून आहेत असं तुम्ही लिहिलं, त्यांना आजच विचारा की पेशीच्या दिवशी डबा घेऊन कोणत्या गाडीनं जायच्या, चंद्रपूरच्या की नागपूरच्या, अन् शोध तिथून सुरू करा.